विद्यार्थ्यांच्या ग्रुपसोबत जपानमधल्या मोठ्या शहरातला पहिला दिवस: तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. मी पुण्यात जपानी शिकवते, अकरा वर्षं झाली. येत्या नोव्हेंबरात पहिल्यांदाच क्लासमधल्या १४ मुलामुलींना घेऊन ओसाकाला चाललेय. बहुतेक सगळे जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी झालेले, दोघी त्याच्या पुढची एन३, आणि १४ पैकी ११ जणांचा हा आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास. पहिल्या दिवसाचं जे वेळापत्रक मी केलंय त्यात सकाळी कान्साई विमानतळावर उतरणं, नाम्बाला सामान ठेवणं, मग ओसाकाचा किल्ला, शिन्सेकाई, त्सूतेनकाकु टॉवर आणि रात्री दोतोंबोरीचे दिवे असं सगळं आहे. माझी सहकारी म्हणते की हे फार होतंय, मला मात्र वाटतं मुलांनी इतके पैसे भरलेत, आईवडिलांनी कुठून कुठून जमवलेत, तर एक तासही वाया जाऊ नये.

म्हणून विचारतेय. कंपन्यांचे कार्यक्रम नकोत, ते माझ्याकडे ढीगभर आहेत. तुम्ही विद्यार्थी म्हणून किंवा विद्यार्थ्यांना घेऊन गेलात तेव्हा त्या पहिल्या दिवशी प्रत्यक्षात काय घडलं ते हवंय. सुरुवात माझ्यापासून करते. २०१२ साली मी ओसाकात उतरले तेव्हा एन२ झालेलं होतं, आणि पहिल्याच दुकानात पाण्याची बाटली घेतल्यावर दुकानदार काका म्हणाले "ओओकिनी". मला कळेचना. मी तिथेच उभी राहिले, वाटलं अजून पैसे मागतायत की काय. ओओकिनी म्हणजे ओसाकाकडचं थँक्यू! आम्ही वर्गात अरिगातो गोझाइमास घोटून घोटून पाठ केलेलं, आणि हा शब्द कुठल्याच पुस्तकात नव्हता. पुण्याचं मराठी शिकलेल्या माणसाला एकदम मालवणात उतरवावं तसं झालं. त्या दिवसापासून मी वर्गात ओसाकाची बोली थोडी तरी शिकवतेच.

*

ताई, वेळापत्रक वाचूनच लिहायला बसलो. आम्ही १२ जण होतो, २०१६, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, आणि आमचाही पहिला दिवस ओसाकातच. स्टेशनवर प्रत्येकाला ट्रेनच्या प्रवासाचं इकोका कार्ड काढून दिलं, २००० येनचं, त्यातले ५०० डिपॉझिट. आमच्या सरांनी सांगितलं की ओसाकाच्या बोलीत "इकोका" म्हणजे "जायचं का?", तेव्हापासून आठ दिवस आम्ही गेटवर कार्ड टेकवताना एकमेकांना "जायचं का?" म्हणायचो.

तर झालं असं की दुपारी सगळ्यांना दोन तास मोकळे दिले आणि पाच वाजता ओसाका स्टेशनला भेटायचं ठरलं. मी आणि माझा रूममेट मेट्रोने निघालो आणि ओसाका नावाचं स्टेशन येईचना. उमेदा आलं, गेलं, आम्ही पुढे तीन स्टेशनं गेलो आणि मग कोणीतरी सांगितलं की जेआरवाले, म्हणजे जपान रेल्वेवाले, ज्याला ओसाका म्हणतात तेच मेट्रोवाल्यांचं उमेदा. परत आलो. उमेदाला उतरलो तर जमिनीखाली एक अख्खं शहर! दुकानं, जिने, बोगदे, पाट्या, बाण, आणि संध्याकाळची ऑफिसं सुटल्याची गर्दी अशी की थांबून बघायलासुद्धा जागा नाही. पाऊण तास आम्ही फिरत होतो आणि एकाच बेकरीसमोरून तीनदा गेलो, त्या भाजलेल्या पावाच्या वासाने मला कळायचं की परत इथेच आलो. पाच वाजून गेले, फोनला रेंज असून डेटा नाही, पोटात गोळा आलेला.

शेवटी चाकाची पिशवी ओढत चाललेल्या एका आजींना वहीत लिहिलेलं "ओसाका स्टेशन, सोनेरी घड्याळ" दाखवलं. त्यांनी वाचलं, हसल्या, "दाइजोबु, दाइजोबु", म्हणजे काही काळजी नको, म्हणाल्या आणि आल्या त्या दिशेला पिशवी उलटी वळवून आमच्या पुढे चालायला लागल्या. मी समजत होतो की कोपऱ्यापर्यंत येतील आणि हात करतील. पण नाही, तीन सरकते जिने, एक लांबच लांब बोगदा, परत जिने, असं करत थेट वरच्या चौकात त्या सोनेरी घड्याळाखाली आणून सोडलं, जिथे आमचे सर तोंडचं पाणी पळाल्यासारखे उभे होते. सरांनी वाकून आभार मानले. आजींनी पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या दोन गोळ्या काढून आमच्या हातावर ठेवल्या, आमची आजी देवळातून आल्यावर खडीसाखर ठेवते अगदी तशा, आणि निघून गेल्या. नंतर कळलं की ओसाकाच्या बायकांची ही जुनी रीतच आहे, त्या गोळ्यांना "आमे-चान" म्हणतात, म्हणजे गोळीलासुद्धा लहान मुलासारखं लाडाने "चान" लावतात.

किल्ला आम्ही पाहिला दुसऱ्या दिवशी. तोयोतोमी हिदेयोशीने १५८३ ला बांधायला घेतला वगैरे सगळं ऐकलं, छान आहे, आत लिफ्ट आहे कारण आत्ताची मुख्य इमारत १९३१ ची काँक्रीटची आहे. पण मला विचाराल तर माझं ओसाका म्हणजे त्या आजी. त्यामुळे ताई, मुलांना थोडा वेळ मोकळं सोडाच, फक्त भेटायची जागा स्टेशन सांगू नका, घड्याळ सांगा.

*

शाकाहारी मुलं असतील तर हे वाचा. २०१९, आम्ही नऊ मुली आणि दोन मॅडम, कोबे. पहिल्या दिवशी दुपारी उदोनच्या, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवयांच्या, दुकानात गेलो, मी "निकु नाशि" म्हणजे मांस नको असं सांगितलं, त्यांनी खूप मनापासून वर तळलेल्या तोफूची मोठी चकती घातलेला उदोन आणून दिला. अर्धा खाल्ल्यावर मॅडमना शंका आली आणि त्यांनी विचारलं, तर रस्सा माशाचा. त्याला दाशी म्हणतात, वाळवलेल्या कात्सुओ माशाचा असतो आणि बहुतेक सगळ्या रश्श्यांत असतोच. चूक त्यांची नव्हती, मांस नको म्हटलं तर मांस नव्हतंच की. मला रडू आलं, आजवर कधीच मासा तोंडात घातला नव्हता, आणि त्या बिचाऱ्या दुकानाच्या काकू मला रडताना बघून घाबरल्या, परत परत वाकून माफी मागायला लागल्या. मग मीच त्यांचा हात धरला.

संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये शिरलो आणि दारातच ओळखीचा वास, भाजलेल्या रताळ्यांचा! गरम दगडांवर ठेवलेली अख्खी रताळी, साल करपलेलं, आत पिवळीजर्द, आणि इतकी गोड की साखर घातली असं वाटावं. याकी-इमो म्हणतात. आम्ही नऊजणींनी बाहेर कठड्यावर बसून ती सोलून खाल्ली, बोटं चिकट, तोंडातून वाफा. घरी आषाढीला खातो तेच रताळं. त्या रात्री मी शांत झोपले.

भातवड्यात, म्हणजे ओनिगिरीत, उमे नावाचं आंबट लोणच्यासारखं फळ असलेला घ्यावा असं सगळे सांगतात, पण काही उमेतसुद्धा कात्सुओ घातलेला असतो, पाकिटामागचं वाचायला मुलांना आधीच शिकवा ताई, तुमची मुलं तर वाचू शकतील.

*

मी सांगली जिल्ह्यातली. २०१८ ला सकुरा सायन्समधून गेले होते, अकरावीत, जपान सरकारचा हा कार्यक्रम २०१४ पासून आहे आणि त्यात तेव्हा मुख्यतः आशियातल्या शाळाकॉलेजच्या मुलांना थोडे दिवस जपानला न्यायचे. माझे वडील एसटीत ड्रायव्हर.

टोकियोत पहिल्याच सकाळी आम्हाला शिम्बाशीवरून युरिकामोमे नावाच्या ट्रेनने ओदाइबाला नेलं. मी धावत जाऊन अगदी पुढची सीट पकडली आणि बघते तर ड्रायव्हरची केबिनच नाही. समोर मोठी काच, काचेपलीकडे रूळ नाहीत तर काँक्रीटची पट्टी, आणि गाडी आपली आपण सुटली. रेनबो ब्रिजवर चढायच्या आधी ती एक पूर्ण गोल वळसा घेते, उंची गाठायला, आपल्या घाटात रस्ता वळत वळत चढतो ना तसा, आणि मग एकदम खाली समुद्र आणि पलीकडे सगळं टोकियो. सगळे फोटो काढत होते, मला मात्र बाबांची सीट दिसत होती. बाबा रात्रपाळीला जायचे तेव्हा मी लहानपणी डेपोपर्यंत जायचे आणि ते मला स्टिअरिंगवर हात ठेवू द्यायचे, ते आठवलं.

रात्री हॉस्टेलवरून फोन केला. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, बाबा नुकतेच ड्युटीवरून आलेले. मी सांगितलं ड्रायव्हर नाही. बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "मग ब्रेक कोण मारतं?" मी म्हटलं कॉम्प्युटर, एका ठिकाणी बसून माणसं सगळ्या गाड्यांवर नजर ठेवतात. "आणि अचानक कोण मधी आलं तर?" मी म्हटलं बाबा तो मार्ग वरून आहे, मधी कोण येतच नाही. मग मी म्हटलं, बाबा तिला लोखंडी चाकं नाहीत, रबरी टायर आहेत. तेव्हा बाबांचा आवाजच बदलला, "टायर हायत? मग ती बसच की गं!" मला अजून तो आवाज ऐकू येतो.

त्या दिवशी मिराइकान म्युझियम पण पाहिलं, तिथे छताला लटकलेली सहा मीटरची पृथ्वी होती, दहा हजारांवर पॅनेलची, आणि तिच्यावर उपग्रहांतून आलेले ढग फिरत होते. जुलै होता, सह्याद्री पूर्ण ढगाखाली होता, मी आमचं गाव कुठे असेल तिथे बोट करून मैत्रिणीला दाखवलं. मी आता इलेक्ट्रिकलला आहे.

*

वरचा प्रतिसाद वाचून डोळे भरून आले. माझंही सांगतो. लातूरकडचा, सिव्हिलचा डिप्लोमा, २०१९ ला नऊ जणांचा ग्रुप. आमच्या सरांनी टोकियोतला पहिला दिवस कुठल्या देवळात किंवा टॉवरवर न घालवता सुमिदा भागातल्या होन्जो बोसाइकानला घालवला. हे तिथल्या अग्निशमन दलाचं सेंटर आहे, भूकंप आला, आग लागली तर काय करायचं ते करून बघायला लावतात, फी नाही. काही पोरांना आवडलं नव्हतं, पहिल्याच दिवशी हे काय म्हणून.

भूकंपाच्या खोलीत एक टेबल, खुर्च्या, आणि खालचा फ्लोअर हलतो. जपानी लोक धक्का शून्य ते सात असा मोजतात, आपल्या रिश्टरपेक्षा वेगळं, म्हणजे तुम्ही उभे आहात तिथे किती हललं ते. आम्हाला सात दिला. टेबलाखाली गेलो, टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरला, तरी पाय हातातून सुटत होता आणि डोकं वर आपटत होतं. जेमतेम अर्धा मिनिट असेल. बाहेर आलो तेव्हा सगळे हसत होते, मी भिंतीला धरून उभा राहिलो, कारण माझी आजी किल्लारीजवळच्या गावची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या सुमारास. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं मणामणाचं ओझं, सगळं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. आजी वाचली, तिचे दोन दीर आणि धाकटी जाऊ गेली. आजी आजही पत्र्याखालीच झोपते, स्लॅबच्या घरात झोपायला येत नाही, आणि लहानपणी मला त्याचा राग यायचा.

त्या अर्ध्या मिनिटात मला पहिल्यांदा कळलं आजी काय सांगत होती ते. तिथल्या मावशींनी (ऐंशीच्या घरातल्या असतील) सरांना सांगितलं की १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात हा सगळा भाग जळाला होता, दुपारची जेवणं शिजत होती म्हणून आगी जास्त लागल्या, आणि म्हणून दरवर्षी १ सप्टेंबरला देशभर सराव करतात.

आणि त्याच रात्री खराच धक्का बसला. नवव्या मजल्यावर होतो. आधी कपाटातले हँगर एकमेकांवर वाजायला लागले, टिक टिक टिक, मग पलंग सरकल्यासारखा झाला, आणि थांबलं. टीव्ही लावला तर नकाशावर आकडे आलेलेसुद्धा, आमच्या भागात ३. खाली रस्त्यावर बघितलं तर एक माणूस सायकलवरून चाललाच होता. सकाळी आजीला फोन केला, सगळं सांगितलं. आजी म्हणली, "घर कशाचं हाय तुमचं?" मी म्हणलं लोखंडाचं, हलायलाच बांधलंय, हललं तर पडत नाही. आजी म्हणली, "मग तिथली माणसं रातच्याला झोपत्यात का?" मी म्हणलं झोपतात आजी. ती बराच वेळ काहीच बोलली नाही.

आमच्या नऊ जणांपैकी चौघं आज घरबांधणीत आहेत.

*

ओकायामा, २०१५. सकाळी पहिलं कोराकुएन उद्यान दाखवलं आणि आम्ही सगळे पुण्याचे एकदम ओरडलो, हे तर सिंहगड रोड! पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेवरून केलंय, पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. तळं, लाकडी पूल, कापलेलं गवत, सगळं ओळखीचं, फक्त तीनशे वर्षं जुनं. जपानी सरांना मोबाइलमधले आमच्या शाळेच्या सहलीचे फोटो दाखवले, ते बघतच राहिले.

*

टोकियोत राहते, निशी-कासाईला, चौदा वर्षं. दरवर्षी ओळखीतल्या एकदोन ग्रुपना पहिल्या दिवशी भेटते त्यामुळे थोडं कामाचं सांगते.

सकाळी आठ ते नऊ ट्रेन टाळा. टाळता येत नसेल तर मुलींसाठी गर्दीच्या वेळी बायकांचा वेगळा डबा असतो, प्लॅटफॉर्मवर गुलाबी खूण असते. चौदा जणांनी एका दारातून चढायचा प्रयत्न करू नका, चार-चारचे गट करा आणि प्रत्येक गटाला उतरायचं स्टेशन तोंडपाठ हवं, कारण दार बंद झालं की झालं. शिन्जुकु स्टेशनला तर २०० च्या वर दरवाजे आहेत. हरवलं तर जवळचं कोबान, म्हणजे छोटी पोलीस चौकी शोधा, तिथे पत्ता विचारणं हे अगदी रोजचं काम आहे, पोलीस म्हणून घाबरू नका. ट्रेनमध्ये आपली मुलं मोठ्याने बोलतात, आनंद झालेला असतो, मी समजू शकते, पण एकदा सांगून ठेवा. कचऱ्याचे डबे रस्त्यावर मिळणार नाहीत, प्रत्येकाच्या सॅकमध्ये एक रिकामी पिशवी द्या. सरकत्या जिन्यावर ओसाकात उजवीकडे उभे राहतात आणि टोकियोत डावीकडे.

आणि एक मनातलं. दरवेळी मी बघते, संध्याकाळी चारनंतर मुलांचे चेहरे उतरतात. रात्रभर विमानात झोप नाही, पाय दुखतायत, घरची आठवण. त्या वेळी त्यांना अजून एका टॉवरवर चढवलं तर त्यांना तो टॉवर आठवतही नाही. एकदा एका ग्रुपला मी सरळ घरी आणलं आणि वरणभात, तूप, लिंबू वाढलं. एक मुलगा ताटावरच झोपला.

*

संस्कृत एम. ए. करत असताना गेलो होतो. मुक्काम टोकियोत निप्पोरीजवळ, पहिल्या पहाटे झोप उडाली म्हणून आम्ही पाच जण यानाकाच्या जुन्या दफनभूमीत फिरायला गेलो. थडग्यांमागे उंच लाकडी पट्ट्या उभ्या असतात, सोतोबा म्हणतात, मूळ शब्द स्तूप. त्यांवर शाईने अक्षरं लिहिलेली. आधी वाटलं जपानीच आहे, मग आमच्यातली एक जण थबकली, म्हणाली, हा "र" आहे. सिद्धम, आपल्याकडची जुनी लिपी! वरून खाली ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. आपली पंचमहाभूतं, जपानी माणसाच्या थडग्यामागे, आणि ओल्या लाकडाचा वास येत होता. आम्ही कोणीच काही बोललो नाही, हात जोडले गेले. ते ही अक्षरं क्या, का, रा, बा, आ अशी म्हणतात हे नंतर एका भिक्खूंनी सांगितलं.

*

हिरोशिमा. कोल्हापूरहून आर्किटेक्चरचे २२ विद्यार्थी, मी तेव्हा चौथ्या वर्षाला. निघायच्या आधी दोन महिने आम्ही रोज वर्गात शांतीची खूण म्हणून कागदाचे करकोचे घडवायचो, हजार पूर्ण केले आणि दोऱ्यात ओवले.

पहिल्याच दिवशी ट्रामने शांती उद्यानात गेलो. आर्किटेक्ट केंझो तांगेंनी आखलेलं तिथलं म्युझियम आम्ही ड्रॉइंगमध्ये शिकलेलो, खांबांवर उचललेली इमारत, तिच्या खालून सरळ रेषेत स्मारकाची कमान आणि कमानीतून पलीकडे तो मोडका घुमट. ड्रॉइंगमध्ये ती रेषा अक्ष म्हणून काढली होती, तिथे उभं राहिल्यावर कळलं की ती रेषा कशाकडे नेते. बॉम्ब जिथे फुटला, सुमारे ६०० मीटर उंचीवर, त्याच्या बरोबर खाली आज एक साधं हॉस्पिटल आहे आणि बाहेर छोटी पाटी. तेव्हाही तिथे तेच हॉस्पिटल होतं.

करकोचे मुलांच्या स्मारकाजवळच्या काचेच्या कपाटात टांगले. शेजारी एका जपानी प्राथमिक शाळेची मुलं त्यांचे टांगत होती, एक छोटी मुलगी आमच्या माळेकडे बघून काहीतरी म्हणाली, आमच्या सरांनी अर्थ सांगितला, "यांच्या करकोच्यांवर अक्षरं आहेत." आम्ही जुन्या मराठी वर्तमानपत्रांचे घडवले होते.

संध्याकाळी कोणाला जेवण गेलं नाही. पण परत येताना गाइडनी सांगितलं की बॉम्ब पडल्यावर तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ट्रामचा थोडा टप्पा परत चालू केला होता आणि त्या वेळच्या दोनएक ट्राम अजूनही धावतात. आमच्या समोर शाळेच्या गणवेशातल्या मुली ट्राममध्ये परीक्षेबद्दल बडबडत होत्या. ते ऐकत बसलो.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोनदा वाचलं, एकदा सहकारी मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवलं.

वेळापत्रक बदललं. पहिल्या दिवशी किल्ला नाही, टॉवर नाही, दोतोंबोरी नाही. सामान ठेवायचं, झोपायचं, आणि दुपारी तेन्जिनबाशीसुजीच्या बाजारात जायचं, २.६ किलोमीटर सरळ एक रस्ता, वर छप्पर, त्यामुळे कोणी हरवायचा प्रश्न नाही. प्रत्येक जोडीला थोडे पैसे देणार आणि सांगणार की तीन दुकानदारांशी बोला, एक नवीन शब्द आणा. शाकाहारी चौघांची, दुकानात दाखवायची चिठ्ठी लिहून झाली. जुन्या पेपरचे करकोचे पण करतोय, आम्ही हिरोशिमाला जाणार नाही, पण ज्यांच्याशी बोलू त्यांना द्यायला.

उमेदावाल्या दादा, त्या सोनेरी घड्याळाखाली १४ जण बसू शकतील का?

*

हो ताई, मोठा मोकळा चौक आहे, कडेला बसता येतं, खाली प्लॅटफॉर्मवरच्या गाड्या दिसतात. फक्त पाचची वेळ ठेवू नका, साडेचारची ठेवा. नोव्हेंबरात ओसाकात पाचच्या सुमारास अंधार पडतो, आणि अंधार पडला की ते सगळे बोगदे सारखे दिसायला लागतात.